हक्क कर्जाबरोबरच यावा लागतो का?

घोडबंदर रोडवर कासारवडवलीपर्यंत मेट्रो-4 चे खांब उभे आहेत. या मार्गासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज घेतले आहे. अशा कर्जाबरोबर अटी येतात. बाधितांची मोजणी करा, त्यांच्याशी बोला, तक्रार ऐकण्याची सोय ठेवा. मग आपल्याकडे एक ठरलेला शेरा ऐकू येतो: "परदेशी लोक आम्हाला मानवाधिकार शिकवणार का?"

माझा उलट प्रश्न आहे. त्यांनी शिकवण्याची वेळ का आली?

कुर्ल्याचे उदाहरण घ्या. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेने 2002 साली कर्ज मंजूर केले. रेल्वे आणि रस्त्यांसाठी सुमारे सव्वा लाख माणसे हलवायची होती. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरच्या किस्मत नगरमधील दुकानदारांनी 2004 मध्ये थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. म्हणणे साधे होते. दुकान म्हणजे नुसती चौरस फुटांत मोजायची जागा नसते. तिथे वर्षानुवर्षे जोडलेले गिऱ्हाईक असते, उधारीची वही असते, घर चालवणारी कमाई असते. मंडळाने 2005 च्या अखेरीस अहवाल दिला. दुकानदारांची संख्या कमी धरली गेली आणि बुडणाऱ्या उत्पन्नाचा नीट विचारच झाला नाही, असे त्यात निघाले. 1 मार्च 2006 रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी थांबवला. त्यानंतर कुठे हालचाल सुरू झाली.

म्हणजे कुर्ल्याच्या दुकानदाराचे गाऱ्हाणे वॉशिंग्टनमार्गे मुंबईत पोहोचले. लाज वाटायची तर याची वाटावी.

पण बँकेलाही संत समजू नका. कुर्ल्यातली पुनर्वसनाची योजना तिनेच मंजूर केली होती. त्याआधी 1985 मध्ये सरदार सरोवराला कर्ज देतानाही अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींचे काय होणार, हे तिने धड पाहिले नव्हते. लोक लढले, 1992 चा मोर्स समितीचा अहवाल आला, पुढच्या वर्षी भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी हे तपासणी मंडळ जन्माला आले. कुर्लेकरांनी जो दरवाजा ठोठावला, तो नर्मदाकाठच्या माणसांच्या लढ्यातून उघडला होता. कुणी मेहरबानी केली नव्हती.

मराठीतला 'हक्क' आणि उर्दूतला 'हक' एकच. जकात हा देणाऱ्याचा उपकार नसून तो गरिबाचा हक आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग विस्थापिताला मिळणारे घर तेवढे सरकारची खैरात कसे होते? उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सांगितले. हटवण्याला परवानगी दिली हे खरे, पण तत्त्व मान्य केले. ते तत्त्व कुठल्याही परदेशी बँकेने आणून दिलेले नाही.

मेट्रो मलाही हवी आहे. या रस्त्यावरच्या कोंडीत माझेही तास जातात. म्हणून मागणी एवढीच: पैसा जर्मनीचा असो, जपानचा असो की आपल्या करांचा, नियम एकच असावा. बाधितांची यादी कामाआधी त्यांच्या भाषेत जाहीर व्हावी, जागेबरोबर कमाईही मोजावी, आणि जो पाडतो त्याच्याकडेच तक्रारीचा निवाडा नसावा.

कर्ज फिटले की अटी संपतात. हक्क संपता कामा नये.