वॉरंट लपून राहिल्याने रद्द होत नाही

चेक बाउन्सवरचा व्हिडिओ टाकला आणि त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला : "सर, माझ्या नावाने वॉरंट निघालंय असं कुणीतरी सांगितलं. आता काय करू? काही दिवस बाहेरगावी जाऊ का?" माझं मत आधीच सांगतो. बाहेरगावी जाऊ नका, कोर्टात जा. वॉरंट हा अब्रूचा प्रश्न समजून आपण लपतो, पण खरं तर तो चुकलेल्या तारखेचा प्रश्न असतो. तारीख दुरुस्त करता येते. लपणं दुरुस्त करायला मात्र फार खर्च येतो.

मी वकील नाही, दुकानदार आहे. म्हणून दुकानदाराच्या बाजूने बोलतो. सिल्लोड तालुक्यातला धंदा उधारीवर चालतो. कृषी सेवा केंद्रवाला जूनमध्ये बी-खत उधार देतो आणि पैसे मका-कापूस विकल्यावर येतात. मधल्या काळात डिस्ट्रिब्युटरकडे किंवा फायनान्सवाल्याकडे त्याचे सही केलेले कोरे चेक 'सिक्युरिटी' म्हणून पडून असतात. पाऊस फिरला, भाव पडला, उधारी अडकली की तिकडे चेक बँकेत जातो आणि परत येतो. मग कलम 138 सुरू. चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात केस.

आता खरी गोम ऐका. 2015 मध्ये कायदा बदलला. चेक ज्याच्या खात्यात जमा होतो, त्याची शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात केस चालते. म्हणजे तुम्ही दुकान मांडलंय सिल्लोडला, आणि केस जालना, पुणे, मुंबई नाहीतर थेट सुरतला. समन्स येतं ते जुन्या पत्त्यावर. तुम्ही दुकान दोन वर्षांपूर्वी हलवलं, बँकेत पत्ता बदलला नाही, घरमालकाने पोस्टमनला "इथं राहत नाहीत" सांगितलं. तिकडे तारखा पडत राहतात. समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. एक दिवस आपल्या पोलीस ठाण्यातून फोन येतो आणि घरात रडारड सुरू होते.

काहीजण नोटीस हातात आली की "घ्यायचीच नाही" म्हणतात. त्याने काही वाचत नाही. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच कोर्ट धरून चालतं. नोटीस नाकारून तुम्ही फक्त स्वतःचे 15 दिवस वाया घालवता.

म्हणून माझं म्हणणं असं : जसं जीएसटी रिटर्नची तारीख बघता, तसं महिन्यातून एकदा स्वतःचं नाव कोर्टात शोधा. फुकट आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप मोबाईलवर घ्या. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा, पक्षकाराच्या नावाने शोधा. वर्ष बदलून बघा, नावाचं स्पेलिंग बदलून बघा, दुकानाच्या नावानेही बघा. ज्याला ज्याला चेक दिलाय, त्याची बँक ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हाही बघा. आपल्याकडे 138 च्या केसेस बहुधा 'एस.सी.सी.' नंबरने लागतात. केस सापडली की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा 16 अक्षरी-आकडी नंबर, लिहून ठेवा. पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते वाचा. तिथे 'एन.बी.डब्ल्यू.' दिसलं, तर अजामीनपात्र वॉरंटचा आदेश झालाय हे समजा.

सापडलं, मग काय? घाबरायचं नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, 138 चा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे. वॉरंटवर 'अजामीनपात्र' लिहिलं असलं तरी गुन्हा बदलत नाही. दुसरी, ज्या कोर्टाने वॉरंट काढलं त्याच कोर्टाला ते रद्द करता येतं. वकिलामार्फत वॉरंट रद्दचा अर्ज द्यायचा, तारखेला का आलो नाही त्याचं खरं कारण लिहायचं, पुरावा जोडायचा. दवाखान्याचा कागद असेल, जुन्या दुकानाचा भाडेकरार असेल, ते सगळं. शक्यतो स्वतः हजर राहायचं. आधार, फोटो, जामीनदार आणि त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती तयार ठेवायची. कोर्ट थोडी कॉस्ट लावेल, नवा बॉन्ड घेईल. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने 2022 च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात असंही सांगितलंय की अटक होण्याआधी अर्ज केला आणि पुढच्या तारखेला हजर राहण्याची हमी दिली, तर आरोपी समोर उभा नसतानाही वॉरंट रद्द करता येतं किंवा सौम्य करता येतं. अट एकच : अटकेच्या आधी. म्हणजे फायदा लवकर जाणाऱ्याला आहे.

आणि न गेल्यास? वॉरंटला एक्स्पायरी डेट नसते. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत राहतं. बाजारात एक सल्ला मिळतो : "काहीतरी देऊन 'मिळून आला नाही' असा शेरा मारून घे." हा सल्ला देणारा तुमचा मित्र नाही. लाच हा वेगळा गुन्हा, आणि त्या शेऱ्यावरूनच कोर्ट पुढे फरारीचा जाहीरनामा आणि मालमत्ता जप्तीकडे जातं. वॉरंट होतं एका चेकचं, आता दुकानावर आलं.

हिशोब मांडू. चेक समजा 80,000 चा. कोर्टाला केस चालू असताना 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, म्हणजे 16,000. दोषी ठरलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, म्हणजे 1,60,000, किंवा दोन्ही. उलट 2025 च्या संजबिज तारी निकालात सुप्रीम कोर्टाने तडजोडीचा रस्ता स्वस्त केलाय. आरोपीच्या बाजूचा पुरावा सुरू होण्याआधी पैसे भरले तर वरचा खर्च न लावता केस मिटवता येते. त्यानंतर पण निकालाआधी मिटवली तर 5 टक्के, म्हणजे 4,000. पैसे एकदम नसतील तर समोरच्याशी बोलून लोक अदालतीत हप्ते पाडून घ्या. पण त्याआधी कोर्टात हजर व्हा. वॉरंट डोक्यावर घेऊन तडजोड करायला बसलात तर समोरचा भाव वाढवणारच.

आता दोन बोलायच्या गोष्टी, ज्या कुणी बोलत नाही. एक, कोरे चेक मागणाऱ्यांनाही प्रश्न विचारा. चेक दिलाच तर रक्कम लिहून द्या, किती चेक दिले त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि हिशोब मिटला की चेक परत घ्या. दोन, व्यापारी संघटना उत्सवाला वर्गणी गोळा करतात, चांगलंच आहे. पण महिन्यातून एक दिवस एक लॅपटॉप आणि एक वकील बसवून सदस्यांची नावं ई-कोर्ट्सवर तपासून द्यायला किती खर्च येतो? माझ्या मते संघटनेचं यापेक्षा मोठं काम नाही. कारण अटक एका माणसाची होते, पण शटर बंद होतं ते त्याच्या दोन कामगारांचंही.

शेवटची सावधगिरी. व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं वॉरंट पाठवून, व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवून "डिजिटल अरेस्ट" म्हणणारा चोर आहे. कायद्यात असली अटक नाही. खरं वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, आणि बजावणाऱ्याला ते तुम्ही दाखवायला सांगू शकता. ते फोनवर पैसे भरून कधीच रद्द होत नाही. असा कॉल आला तर ठेवून द्या आणि पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 लावा. केस नंबर सांगितला असेल तर तोच नंबर ई-कोर्ट्सवर टाकून बघा, दोन मिनिटांत खरं-खोटं कळेल.

तर आज रात्री गल्ला मोजून झाला की दहा मिनिटं काढा. स्वतःचं नाव शोधा, दुकानाचं नाव शोधा, आणि ज्यांना जामीन राहिलात त्यांचंही शोधा. काही निघालं नाही तर निवांत झोपा. निघालं, तर सकाळी शटर उघडायच्या आधी वकिलाला फोन करा.