हजेरी नाही, दाखला नाही : शिकाऊ गवंड्यानं जायचं कुठं?

धान चुरून झालं की सिंदेवाही, मूल, कुरखेड्याकडचे पोट्टे गाव सोडतात. काही तेलंगणात मिरची तोडायला जातात, काही मिस्त्रीच्या हाताखाली बांधकामावर. या दुसऱ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत नक्षलग्रस्त भागात घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 30 हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. पैसा पुरत नाही म्हणून लाभार्थी चौरस फुटाच्या भावानं ठेका देतो. मिस्त्री तो ताण शिकाऊ पोरावर काढतो : "आधी थापी धरायला शीक, मग पैसे माग." रेती आली नाही तर पोराचा दिवस फुकट.

1948 चा किमान वेतन कायदा घ्या, की त्याच्या जागी आणलेली 2019 ची वेतन संहिता. मापावर काम दिलं आणि त्याचा वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर किमान रोजापेक्षा कमी देता येत नाही.

पण मजुरीपेक्षा मोठा मार पुढं आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेक्यात हजेरीच मांडत नाहीत, मग दाखला कशावर मिळणार? नोंदणी असलेला कामगार कामावर गेला तर वारसाला 5 लाखांची मदत आहे. शिकाऊ पोरगा स्लॅबवरून पडला तर घरच्यांच्या हाती कागदही नसतो.

ग्रामपंचायतीनं प्रत्येक घरकुलावर हजेरीवही ठेवली तर हे थांबेल. तोवर पोरांनो, तारीख, घरमालक आणि मिळालेली मजुरी रोज वहीत लिहा, मिस्त्रीची सही घ्या. दाखला मागताना तीच कामी येईल.