काडी मोडली, लेकराचे काय?

धागा जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

गेले काही दिवस एक चित्र फिरते आहे. भारतातील घटस्फोटाचे प्रमाण जगात सर्वांत कमी, कारण आपल्या परंपरेत घटस्फोट नव्हताच आणि आपल्या भाषांत त्याला शब्दही नाही, असा त्याचा आशय. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातले पहिले विधान अर्धवट वाटते आणि उरलेली दोन सरळ चुकीची.

शब्दांपासून सुरुवात करू. मराठीत काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. ज्या समाजाला गरज नाही तो एका गोष्टीला तीन-तीन नावे कशाला ठेवील? गंमत 'घटस्फोट' या शब्दाची आहे. धर्मशास्त्रात तो पतित ठरलेल्या माणसाला जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. पाण्याचा घट फोडायचा आणि त्याच्याशी संबंध संपले असे जाहीर करायचे. विवाहविच्छेदाच्या कायद्यासाठी आपण नेमका हाच शब्द उचलला. रोजच्या वापरातला, कोणालाही न हिणवणारा 'काडीमोड' मागे पडला. भाषेच्या इतिहासातील ही निवड मला निरागस वाटत नाही.

काडीमोड कोणाचा? उच्चवर्णीय मोजक्या जाती वगळता दख्खनमधील असंख्य जातींत सोडचिठ्ठी आणि त्यानंतरचा पाट हे नित्याचे व्यवहार होते. मुंबई सरकारसाठी आर्थर स्टील याने जातींच्या रूढी गोळा केल्या, ते पुस्तक १८२७ चे. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायालयांना देशरिवाज पाहण्यास सांगितले होते. म्हणजे कागदोपत्री रूढीला मान होता.

मग १८७६ साल उजाडले. 'रेजिना विरुद्ध संभू रघू' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जातपंचायतीच्या सत्तेला चाप बसला, हे मी नाकारत नाही. त्या सत्तेचे गोडवे गाण्याचे कारणही नाही. परंतु पंचायतीचे दार बंद करताना न्यायालयाने त्या जागी दुसरे दार बसवले नाही. हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळण्यासाठी बडोदा संस्थानात १९३१ पर्यंत, मुंबई प्रांतात १९४७ पर्यंत आणि देशभर १९५५ पर्यंत थांबावे लागले. (१९५५ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने होणारा घटस्फोट शाबूत ठेवला आहे. चित्र पसरवणाऱ्यांनी निदान तेवढे कलम वाचावे.)

आता ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. या साऱ्या वादात मूल कुठे होते?

१८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणेची पताका म्हणून शिकतो. त्याचे तिसरे कलम कोणी शिकवत नाही. मृत पतीने मृत्युपत्राने आईला पालक नेमले नसेल, तर तिने पुनर्विवाह करताच पतीकडील नातलगांना मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी न्यायालयाकडे करता येत असे. लग्न कर, पण लेकरू गमावण्याची तयारी ठेव, असा तो सौदा. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याने मुलाचे हित पाहण्यास सांगितले खरे. मात्र बाप हयात आणि लायक असेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, हेही त्यातच लिहिले. १९५६ च्या हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि 'त्याच्यानंतर' माता. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहील, एवढी सवलत. रात्री जागायचे तिने, सही करायची त्याने! १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर 'त्याच्या अनुपस्थितीत' असा अर्थ लावला. अर्थ बदलला, शब्द तसाच आहे. अर्थ लावून भागते तिथे संसद शब्दाला हात लावत नाही, आणि ही सोय मला आळसाची वाटते.

पोटगीची कथा तर केवळ आकड्यांत सांगता येते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८८ : बायको किंवा मूल यांच्यासाठी महिना कमाल ५० रुपये. १९२३ मध्ये १००. १९५५ मध्ये ५००. १९७३ साली संहिता नवी आली, कलम १२५ झाले, आकडा मात्र ५०० च राहिला. काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्यांनी तो वाढवला. केंद्रीय कायद्यातील मर्यादा उठायला २००१ उजाडले. ज्या ४६ वर्षांत धान्य, शाळा, औषध सगळ्यांचे भाव कित्येक पटींनी चढले, त्यांत कायद्याच्या लेखी एका मुलाची भूक वाढलीच नाही. 'स्त्रिया पोटगीसाठी लग्न मोडतात' हे विधान करणाऱ्याला मी नेहमी हा तक्ता दाखवतो.

मर्यादा उठल्याने प्रश्न संपला नाही. बाप कमावतो किती, हेच सिद्ध करता येत नसे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरवले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय धरली.

शेवटी त्या 'सर्वांत कमी' प्रमाणाविषयी. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित सुमारे १३.६ लाख आणि 'विभक्त' त्याच्या अडीचपट, जवळजवळ ३५ लाख. दोन्हींत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक, कारण पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो. या 'विभक्त' रकान्यात महाराष्ट्र जिला 'टाकलेली' म्हणतो तीही आहे. ऐंशीच्या दशकात संगमनेरकडून उभ्या राहिलेल्या चळवळीने तिला 'परित्यक्ता' म्हणून सार्वजनिक चर्चेत आणले. तिचा घटस्फोट झालेला नाही, म्हणून ती आपल्या अभिमानाच्या आकड्यात मोजली जात नाही. तिच्या मुलांसाठी तर त्या तक्त्यात रकानाच नाही.

बडोद्याच्या १९३१ च्या कायद्यावर स्वतंत्र धागा लिहीन. कोणाच्या घरी जुनी सोडचिठ्ठी जपून ठेवलेली असेल, तर तीत मुलांचा उल्लेख आहे का, एवढे पाहून जरूर कळवा.