जर्मनांतील जितकें-तितकें

आमच्या एका आप्तांचा मुलगा पुढील शिक्षणासाठीं जर्मनीस जाण्याच्या तयारींत आहे. परवां रात्रीं बऱ्याच उशिरां तो वही घेऊन आमच्याकडे आला. त्याची तक्रार अशी कीं, शिकविणारे गृहस्थ म्हणतात, "मराठी विसरा, इंग्रजींतून विचार करा, म्हणजे जर्मन येईल"; आणि नेमकें एक वाक्य इंग्रजींतून कांहीं केल्या बसत नाहीं. तें वाक्य असें: ‘ये लेंगर मान वार्टेट, डेस्टो श्वेरर विर्ट एस.’ म्हणजे, जितका अधिक वेळ थांबावें, तितकें तें अवघड होतें.

मुलानें उत्तरार्ध ‘डेस्टो एस विर्ट श्वेरर’ असा लिहिला होता व त्यावर तांबडी रेघ होती. इंग्रजींत दोन्ही अंगांस ‘द’ हा एकच शब्द लागतो. त्यामुळें कोणतें अंग गौण व कोणतें मुख्य, हें शब्दावरून कळत नाहीं. मराठींत तें प्रथमपासूनच उघड असतें. ‘जितका’चें वाक्य गौण, ‘तितकें’चें मुख्य. जर्मनांतही ‘ये’चें वाक्य गौण, म्हणून त्याचें क्रियापद, आपल्या भाषेंत असतें तसेंच, शेवटीं. ‘डेस्टो’चें वाक्य मुख्य, तेथें मात्र आपली संवय सोडावी लागते. ‘डेस्टो श्वेरर’ ही जोडी मिळून एक जागा धरावी, तिला लागून क्रियापद, आणि कर्ता त्याच्या मागें. शिवाय दोन्हीं अंगांस तरभाववाचक रूप हवेंच. ‘जितका वेळ’ एवढ्यावर मराठी भागविते, जर्मन भागवीत नाहीं. मुख्य वाक्य आधीं घ्यावयाचें असल्यास ‘डेस्टो’ऐवजीं बहुधा ‘उम्झो’ येतो: ‘एस विर्ट उम्झो श्वेरर, ये लेंगर मान वार्टेट.’ हा ‘उम्झो’ पूर्वीं दोन शब्दांत लिहीत. 1996 च्या शुद्धलेखन-सुधारणेपासून तो एकत्र लिहितात.

येथें मुलाचे डोळे चमकले. "मग ‘ये’ म्हणजे आपलें ‘जे’, संस्कृतांतलें ‘यद्’च कीं!" मोह पडावा असेंच हें साम्य आहे, आणि म्हणूनच सांगणें भाग आहे कीं तें फसवें आहे. ‘ये’ हा प्राचीन जर्मनांतील ‘सदा, कधींही’ अशा अर्थाच्या ‘इओ’ या शब्दापासून निघाला. त्याचें मूळ संस्कृत ‘आयुस्’च्या मुळाशीं जाऊन मिळतें. ‘यद्’शीं त्याचा संबंध नाहीं. खरें नातें भलतीकडेच आहे, जेथें कानाला तें मुळींच ऐकूं येत नाहीं. ‘डेस्टो’ हा ‘डेस डिउ’ या दोन दर्शक सर्वनामरूपांचा संकोच. त्यांतील ‘ड’ आणि आपल्या ‘तो, तें, तितकें’ यांतील ‘त’ हे एकाच मूळ सर्वनामाचे वंशज. इंग्रजी वाक्यांतला तो ‘द’ देखील याच कुळांतला, पूर्वींच्या तृतीयेच्या रूपाचा अवशेष. पण आज तें त्याच्या तोंडावर दिसत नाहीं, त्याला इलाज नाहीं.

तेव्हां मराठी विसरण्याचा उपदेश आम्हांस मान्य नाहीं. क्रियापदाच्या जागेपुरती ती बाजूस ठेवावी. बाकी तिचा हात धरूनच जावें.

जुन्या जर्मनांत दोन्ही ठिकाणीं ‘ये’च घालीत. एका सुगंधी वेलीचें ‘येलेंगरयेलीबर’ हें नांव त्याच धर्तीचें: जों जों अधिक काळ, तों तों अधिक प्रिय. मुलास तें फार आवडलें. त्यानें वहीच्या कोपऱ्यांत टिपून घेतलें.

इतक्यांत आंतून पानें वाढल्याची हांक आली. रात्रीचे साडेनऊ होऊन गेले होते, मुलगा संकोचून उठूं लागला. तेव्हां आम्हीं त्यास उशिरां आलेल्या पाहुण्यास जर्मन घरांत काय म्हणतात तें ऐकविलें: ‘ये श्पेटर डेअर आबेंट, डेस्टो श्योनर दी गेस्टे.’ जितकी सांज उशिराची, तितके पाहुणे चांगले. "यांत क्रियापद कोठें आहे?" त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, म्हणींत तें गाळतात; आणि पाट पुढें सरकविला.