खुर्चीवरचा रुग्ण आणि कपाटातला प्रबंध

पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. तिथून फार दूर नाही ती चाकणची औद्योगिक वसाहत, जिथे रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूचा बार भरणारे कामगार आहेत. राज्यात गुटखाबंदी २०१२मध्ये झाली, तरी २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. गुटख्यातल्या सुपारीने तोंड उघडेनासे होते, हे ठाऊक आहे. रात्रपाळीचा आणि कंत्राटी कामाचा तंबाखू-सुपारीच्या सवयीशी नेमका संबंध काय, हे मात्र इथल्याच कामगारांना वर्षानुवर्षे तपासून कळेल. दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या, म्हणजे एमडीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत प्रबंध लिहावा लागतो. पण विषय दरवर्षी नवा निवडला, की विद्यार्थ्याबरोबर धागाही तुटतो. महाविद्यालयातल्या एखाद्या विभागाने असा एकच प्रश्न दहा वर्षे धरून ठेवला, तर हेच प्रबंध एकमेकांच्या खांद्यावर उभे राहतील.

आधी विद्यार्थ्याचा उपचाराचा हात तयार व्हावा, संशोधन नंतर, असा आक्षेप यावर घेतला जातो. हाताचे मोल मी कमी मानत नाही. पण आपला कुठला उपचार टिकला हे मोजायची सवय नसेल, तर तयार हातही जुनीच चूक सफाईने करत राहतो. पैसा लागेल, खरेच. त्याआधी लागतो नीट भरलेला केसपेपर आणि अध्यापकाच्या आठवड्यात राखून ठेवलेला एक दिवस.