दोन दिवसांचं अंतर

परवा शेजारच्या अक्कांनी विचारलं, “मगळ ऊर एष्ट दूर ऐत्री?”

मी सवयीने म्हणाले, “सॅन फ्रान्सिस्को ना? बेंगळूरहून चौदा हजार किलोमीटर.” अक्कांनी कपाळाला हात लावला.

आकडा खरा आहे. पृथ्वीचा घेरच ४०,००० किलोमीटर, म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त वाट. धाकट्याच्या जुन्या पृथ्वीगोलावर मी एकदा दोरा ताणून पाहिला होता. वाटलं, तो समुद्रावरून आडवा जाईल. तर तो चढला वर, सैबेरिया आणि अलास्काकडे! भिंतीवरच्या नकाशात हे कळत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान तिथून कुठेही न थांबता बेंगळूरला आणलं, तेही उत्तर ध्रुवावरून. दोऱ्याने दाखवलेल्या वाटेपेक्षा ही वाट लांब, पण समोरून येणारा वारा चुकवणारी. उड्डाण सुमारे १७ तासांचं. ९ तारखेच्या रात्री निघालेलं विमान ११ च्या पहाटे उतरलं. मधले तास गेले कुठे? तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असतं, तिथे गेले!

पण घरच्या माणसाचा हिशेब १७ तासांत बसत नाही. तिकीट मिळायला हवं, रजा मिळायला हवी, बहुतेक वेळा वाटेत विमान बदलावं लागतं, आणि बेंगळूरहून बेळगावला पुन्हा एक रात्र. माझ्या लेकीला दारात पोचायला दोन दिवस लागतात.

गेल्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. “पोरीच्या जिवाला उगाच घोर नको,” म्हणून आम्ही चार दिवस तिला कळवलंच नाही. तिचा फोन आला की “आजी झोपल्यात” म्हणायचं. पाचव्या दिवशी सांगितलं. मिळेल त्या विमानाने ती निघाली. ती वाटेत असतानाच सासूबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी माणसं सावडून परतत होती, तेव्हा तिची रिक्षा दारात थांबली.

रडून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “आई, मला दोनच दिवस लागले गं.”

चार दिवस आमचे होते. त्याला ना विमान जबाबदार, ना वारा.

म्हणून ज्यांची मुलं लांब आहेत त्यांना सांगते. पासपोर्टची मुदत पाहून ठेवायला लावा. तिथलं घड्याळ किती मागे-पुढे, ते कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. आणि घरातलं दुखणं पहिल्याच दिवशी कळवा. यायचं की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

अक्का अजून चौदा हजारावरच अडल्या होत्या. मग मीच म्हटलं, “इवत्त हेळिद्र, एरड दिन री.”