पैसे प्रयोगाला द्यावेत, नवलाईला नव्हे

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बिअरचे जिन्नस चारच, आणि ते दुकानातल्या साध्या बाटलीतही असतात. मग क्राफ्ट बिअरला तिप्पट-चौपट पैसे का मोजायचे, असा एक पूर्वपक्ष आहे. तो मांडणारी माणसे बिअरमध्ये आणखी काही शोधणे हाच मुळी श्रीमंती चाळा मानतात.

पण ज्या सोनेरी लागरला ही मंडळी प्रमाण मानतात, ती स्वतःच एका प्रयोगाची लेक आहे. १८३८ साली बोहेमियातल्या पिल्सेन शहरात बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे भर चौकात ओतून दिली गेली. मग नगरवासीयांनी स्वतःच्या पैशाने नवी ब्रूअरी बांधली आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या ब्रूअरला बोलावले. फिकट माल्ट, तिथले मऊ पाणी, जवळच्या मुलखातले हॉप्स आणि थंडीत सावकाश काम करणारे यीस्ट यांतून १८४२ मध्ये पहिली पिल्सनर निघाली. त्या नागरिकांनी ‘बिअर ती बिअर’ म्हणून हात झटकले असते, तर आजची स्वस्त लागरही आपल्या वाट्याला आली नसती.

हिशेबही तपासावा. मोठा कारखाना एकाच चवीची लाखो लिटर बिअर काढतो, माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरून खर्च खाली आणतो. छोट्या ब्रूअरीत एक टाकी बिघडली तर त्या महिन्याचे गणितच बिघडते. हॉप्सचा सुगंध उतरावा म्हणून ते आंबलेल्या बिअरमध्ये पुन्हा भरपूर घालतात. तेव्हा हॉप्स बिअर शोषून घेतात आणि टाकीतला काही हिस्सा गाळातच जातो. त्यात आपल्याकडचे बहुतेक हॉप्स आयात केलेले. हा खर्च खरा आहे, आणि तो ग्लासात जाणवतो.

प्रयोगाची खरी किंमत पाहायची तर ब्रुसेल्सच्या कांतियों ब्रूअरीचे उदाहरण घ्यावे. १९०० साली स्थापन झालेल्या या घरात लँबिक बनते. गहू आणि बार्लीचा उकळलेला रस छपराखालच्या उथळ, रुंद तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. विकतचे यीस्ट घालत नाहीत. हवेतले, त्या इमारतीत वस्तीला असलेले जंतूच तो आंबवतात. हे फक्त थंडीच्या महिन्यांत जमते, कारण उन्हाळ्याच्या हवेत नको त्या जंतूंचा सुळसुळाट असतो. मग तो रस लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे पडून राहतो, त्यातला काही उडून जातो, आणि काही पिंपे मिश्रणाच्या लायकीची निघत नाहीत. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण म्हणजे ग्यूझ. चेरीची क्रीक करताना लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम फळ घालतात. तीन वर्षे अडकलेले भांडवल आणि पिंपे चाखून मिश्रण ठरवणारी जीभ यांचे पैसे द्यायला मला जराही जड जात नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या पक्षाकडे वळतो, कारण क्राफ्ट बिअरचे अधिक नुकसान त्यानेच केले आहे. जे विचित्र ते मौल्यवान, आणि जे दुर्मिळ ते उत्तम, ही त्याची श्रद्धा. स्कॉटलंडच्या ब्रूडॉग या ब्रूअरीने २०१० साली गोठवून पाणी वेगळे काढत ५५ टक्के मद्यार्काची बिअर केली आणि पेंढा भरलेल्या खारी, मुंगसासारखे स्टोट अशा प्राण्यांच्या अंगात बाटल्या बसवून त्या ५०० ते ७०० पौंडांना विकल्या. फक्त १२ बाटल्या. ते पैसे तमाशाचे होते. याच्या उलट बेल्जियमच्या वेस्टफ्लेटेरेन मठातले संन्यासी जगातल्या सर्वाधिक वाखाणल्या गेलेल्या बिअरपैकी एक स्वतःच रास्त दराने विकतात, आणि ती पुढे विकू नका असे बजावतात. तिचे चढे भाव दलाल लावतात.

पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात ताजी बिअर रुळली. कोकम, आंबा, जांभूळ अशी इथली फळे तिच्यात उतरली, याचा मला मनापासून आनंद आहे. कोकमाचा आंबटपणा बिअरला फार शोभतो. पण तयार गव्हाच्या बिअरमध्ये शेवटी सिरप ओतून तिला ‘प्रयोग’ म्हणणे आणि फळ आंबवणीत घालून आठवडे थांबणे या दोन गोष्टी एका भावाने विकल्या जाऊ नयेत. पातेल्यातच दही-जंतू सोडून एक-दोन दिवसांत आंबट केलेली बिअर चांगली असू शकते. तिला पिंपात दोन वर्षे मुरलेल्या बिअरचा भाव मात्र मागता येणार नाही. पबमधल्या ग्लासच्या किमतीत जागेचे भाडे आणि सरकारी कर असतात, हे मान्य. ते आम्ही देऊ. प्रयोगाच्या नावाने वर जो आकार लावला जातो, त्याचा जाब मात्र विचारणार.

म्हणून ब्रूअरांकडे माझी मागणी आहे. मेन्यूवर बिअरचे नाव आणि मद्यार्काचे प्रमाण देता, त्याच्याच शेजारी लिहा : लिटरमागे किती ग्रॅम फळ, ते कोणत्या टप्प्यावर घातले, टाकीत किंवा पिंपात किती दिवस ठेवली. आणि पूर्ण ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला द्या.